परिसर चालण्यासारखा करायचा तर फुटपाथ रुंद केले की पुरतं का?

नाही पुरत. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे महापालिकेनं फुटपाथ मस्त रुंद केले, बाकं टाकली, झाडांना पार बांधले, तरी लोक दूध आणायलासुद्धा गाडीच काढतात, मग चुकतंय कुठे. मी आर्किटेक्ट आहे, काही वर्षं रस्त्यांच्या डिझाइनचीच कामं केलीत, म्हणजे खरं तर मी फुटपाथचीच बाजू घ्यायला हवी. पण माझं आता पक्कं मत झालंय की आपल्या नव्या भागांमधला मोठा घोटाळा फुटपाथचा नाहीये, कंपाउंड वॉलचा आहे.

आमचंच सांगतो. मी पुण्याच्या पश्चिमेला एका नव्या भागात राहतो, सहा टॉवरांची सोसायटी, आणि आमच्या मागच्या भिंतीला लागूनच पोरांची शाळा. बाल्कनीतून शाळेची घंटा ऐकू येते, प्रार्थना ऐकू येते, पण शाळेत जायचं तर मेन गेटनं बाहेर पडा, डीपी रोडला, म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्याला लागा, शेजारच्या टाउनशिपच्या भिंतीच्या कडेकडेनं चौकापर्यंत जा, वळा, परत तेवढंच मागे या. मी एकदा मोबाइलवर मोजलं, दीड किलोमीटरला थोडं कमी भरलं. भिंतीतून सरळ गेलं तर साठ मीटर. आता सांगा, सकाळी पावणेसातला कोण आई-बाप पहिलीतल्या पोराला दप्तरासकट दीड किलोमीटर चालवतील? सगळ्या स्कूटी निघतात, मग गेटवर गर्दी, मग चौकात गर्दी, मग सगळे म्हणतात रस्ता रुंद करा.

हे गणित एकदा कागदावर करून बघा. शंभर मीटर बाय शंभर मीटरचा चौकोन घ्या, चारी बाजूंना रस्ता. एका बाजूच्या मधोमध तुम्ही उभे आहात आणि बरोब्बर पाठीमागच्या बाजूला किराण्याचं दुकान आहे, तर वळसा घालून 200 मीटर पडतात, अडीच मिनिटं. तोच चौकोन 400 मीटरचा केला की 800 मीटर, म्हणजे दहा मिनिटं जायला आणि दहा यायला, तेही भिंतीच्या कडेनं, जिथे ना दुकान ना सावली. फुटपाथ संगमरवराचा केलात तरी ती दहा मिनिटं काही कमी होत नाहीत.

माझं लहानपण जुन्या पुण्यात, शुक्रवार पेठेत गेलं. तिथे बोळ असायचे. काही वाड्यांना पुढे दरवाजा आणि मागे दिंडी, म्हणजे छोटं दार, आम्ही पोरं लोकांच्या चौकातून, नळावरच्या बायकांच्या शिव्या खात, आरपार जायचो. मोठी माणसंही तेच करायची, लक्ष्मी रस्त्यावरून तुळशीबागेच्या बाजारात शिरायचं आणि भांडी बघत बघत मंडईपाशी निघायचं, बाजारही झाला आणि रस्ताही कापला. पेठा म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही, फुटपाथ म्हणाल तर आजही कित्येक ठिकाणी जेमतेम वीतभर आहेत, आणि बोळात आता बुलेट घुसतात. पण कुठूनही कुठेही जायला चार रस्ते होते, आणि रस्त्याला दुकानं, ओटे, गिरणी, माणसं होती. नव्या टॉवरांच्या खाली काय असतं? तीन मजले पोडियम पार्किंग. रात्री नऊला त्याच्या शेजारून बायको एकटी येणार असेल तर मीच म्हणतो थांब, घ्यायला येतो. गाडी घेऊन.

आता बार्सिलोना. हल्ली या विषयावर कुणीही बोललं की बार्सिलोनाचे सुपरब्लॉक येतातच, आणि बहुतेक वेळा चुकीचे येतात. तिथलं झालंय असं की सेर्दा नावाच्या इंजिनिअरचा 1859 साली मंजूर झालेला आराखडा आहे, 113 मीटरचे चौकोनी ब्लॉक, मधे 20 मीटरचे रस्ते, कोपरे तासलेले. म्हणजे दर दीडशे मीटरच्या आत चौक. 2016 मध्ये पोब्लेनोऊ भागात असे नऊ ब्लॉक, तीन बाय तीन, एकत्र धरले, साधारण 400 मीटरचा चौकोन झाला, आणि आतून आरपार जाणाऱ्या गाड्या बंद केल्या. राहणाऱ्यांची गाडी आत येते, मालाचा टेम्पो येतो, पण ताशी 10 किलोमीटरनं आणि फिरून परत बाहेर. सुरुवातीला तिथल्याही लोकांनी बोर्ड लावून विरोध केला होता. पण मुद्दा काय, चालणाऱ्याला आतले सगळे रस्ते उघडेच आहेत, अडवलंय फक्त गाडीला. आपल्या टाउनशिपांनी नेमका हाच सुपरब्लॉक उलटा करून ठेवलाय. तोच 400 मीटरचा चौकोन, पण आत गाड्यांना बेसमेंटपर्यंत रुबाबात रस्ता आणि बाहेरच्या चालणाऱ्याला वॉचमन विचारतो, ‘कोणत्या फ्लॅटला?’

मेट्रोचंही तेच होणार आहे बघा. स्टेशनपासून 500 मीटरच्या आत जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, उंच इमारती, लोक चालत स्टेशनला येतील, कल्पना एकदम बरोबर. फक्त ते 500 मीटरचं वर्तुळ नकाशावर कर्कटकानं काढलेलं असतं, आणि माणूस काही कर्कटकाच्या टोकावरून चालत नाही. मधे नाला, मधे सरकारी जागेचं कुंपण, मधे अजून ताब्यात न आलेला डीपी रोड, की झाले बाराशे मीटर. रस्त्यांच्या जोडायच्या राहिलेल्या तुकड्यांना महापालिकेत ‘मिसिंग लिंक’ म्हणतात ना, ती यादी पण गाडीच्या रस्त्यांची असते. दोन सोसायट्यांमधली तीन मीटरची पायवाट कुणाच्याच यादीत नसते.

फुटपाथला अगदीच नावं ठेवत नाहीये मी. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चालायला मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे उंची कधी कधी त्याच्या दुप्पट. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी तिच्याबरोबर चालायचो तेव्हा कळलं, भाजीवाल्यापर्यंत सात गेटं, प्रत्येक गेटाला फुटपाथ संपतो, उतरा, पुन्हा चढा, म्हणजे चौदा पायऱ्या. तिसऱ्या गेटानंतर ती सरळ रस्त्यावरून चालायला लागली, आणि मागून येणारा हॉर्न मारतो की आजी फुटपाथ दिसत नाही का. उपाय साधा आहे, फुटपाथ सपाट चालू ठेवायचा आणि गाडीनं चढून उतरायचं. साइटवर हे सांगितलं की कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘साहेब, बिल्डर ओरडेल.’

आणि बोलार्ड! स्कूटरवाले चढू नयेत म्हणून ते खांब लावतात ना, त्याची गंमत सांगतो. व्हीलचेअर नीट जायला खांबांमध्ये 90 सेंटिमीटर तरी जागा लागते, आणि अ‍ॅक्टिवा हँडलसकट साधारण 70. म्हणजे व्हीलचेअर जाईल तिथून अ‍ॅक्टिवा जाणारच, आणि अ‍ॅक्टिवा अडवायला खांब जवळ आणले की व्हीलचेअर अडकली. यावर डिझाइनमध्ये उत्तर नाही, तिथे पोलीसच उभा पाहिजे.

तुम्ही विचारलंय की मग नागरिकांनी मागायचं काय. मी म्हणेन आधी गुगल मॅपची प्रिंट काढा आणि लाल पेननं फक्त भिंती काढा, दुसरं काही नाही. मग शाळा, मंडई, बसस्टॉप, दवाखाना यांच्यापर्यंत रेषा ओढा आणि रेषा कुठे भिंतीला धडकते ते बघा. बहुतेक भागांत तीन-चार जागाच निघतात ज्या उघडल्या की अख्ख्या भागाचं चालणं निम्मं होतं. त्या जागांसाठी भांडा, टाइल्सच्या रंगासाठी नको. दुसरं, जिथे लेआउट अजून मंजूर व्हायचाय तिथे आधीच हरकत घ्या. 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर 10 टक्के ओपन स्पेस सोडावी लागते, ती बिल्डर मधोमध ठेवतो आणि क्लबहाउसचं लॉन करतो. तीच कडेला ठेवली तर त्यातून आरपार पायवाट जाऊ शकते, बिल्डरचा एक फूटही जात नाही. एकदा भिंत झाली, सोसायटी फॉर्म झाली की मग संपलं, मग तुम्हाला दोनशे फ्लॅटधारकांशी भांडावं लागतं.

हे मी अनुभवानं बोलतोय. आमच्या मागच्या भिंतीला मुळात एक भोक होतं. कामाला येणाऱ्या मावशींनी दोन विटा काढून सुरुवात केली, हळूहळू माणूस वाकून जाईल एवढं झालं. कमिटीनं पत्रा ठोकला. आठवड्यात पत्रा वाकला. मग सिमेंट, मग शिडीसारखा एक दगड. शेवटी मी एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, नकाशा घेऊन गेलो, तिथे साडेतीन फुटी गेट करू म्हणालो. चोऱ्या होतील हा पहिला आक्षेप, आणि तो अगदीच फालतू नाही, पण भोकावर कुणाचंच लक्ष नव्हतं, गेटावर निदान वॉचमन असेल. दुसरा आक्षेप एका काकांनी घेतला, की ‘बाहेरचे लोक आपल्या गार्डनमधून जातील.’ बाहेरचे म्हणजे कोण, तर आपलीच पोरं आणि आपल्याच घरी पोळ्या करणाऱ्या मावशी. दोन वर्षं आणि तीन मीटिंगा गेल्या. गेट झालं. सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 4 ते 9 उघडं असतं, त्या वेळेत स्कूटी बऱ्याच कमी झाल्यात. दुपारी मात्र कुलूप, कारण दुपारसाठी वेगळा वॉचमन लागतो आणि मेंटेनन्स वाढतो. शाळेचे प्रायमरीचे वर्ग सुटतात पाऊणला. पुढच्या एजीएमला तो विषय टाकलाय.