मुलांना घेऊन जुन्या गोव्याचं म्युझियम

पहिल्यांदाच जाताय ना, मग एक सांगतो. शुक्रवारी जाऊ नका, तेव्हा पुरातत्त्व खात्याचं हे म्युझियम बंद असतं. आम्ही एकदा पोरंबाळं घेऊन बंद दारापाशी उभे राहिलो होतो.

आत सगळं बघायचा हट्ट धरू नका. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रं रांगेनं आहेत, दहाव्या दाढीनंतर मुलं जांभया देतात. खरी मजा खाली, कदंब राजांच्या काळातल्या वीरगळांत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांत. दगडासमोर मुलांना बसवा आणि तळापासून वर 'वाचायला' लावा: खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर, माथ्याशी चंद्र-सूर्य. एकावर तर चक्क गलबतांची लढाई कोरलीय. माझ्या पुतणीनं वल्ही मोजण्यात पाऊण तास घालवला! सतीशिळेवरचा बांगड्या भरलेला हात पाहून प्रश्न येईलच, उत्तर घरूनच ठरवून न्या.

पणजीहून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसनं जा. बसवरचा सिंह दाखवून ठेवा, कदंब राजांच्या नाण्यांवरही सिंहच असे. मग आत गेल्यावर 'कदंब' हे नाव नुसतं बसचं राहत नाही.

पाण्याची बाटली, टोपी घ्या. बाहेर ऊन भाजतं. तरी परतताना से कॅथेड्रलजवळची आदिलशाही वाड्याची उरलेली काळ्या दगडाची चौकट बघाच. वाडा गेला, दार तेवढं राहिलंय.