घरातल्या वायरिंगची वर्दी कोणी द्यायची?

प्रश्न : आमचा कोथरूडमधला फ्लॅट वीस वर्षांहून जुना आहे. नूतनीकरणात नवी डीबी (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात ती पेटी), दोन एसी, गिझर आणि इंडक्शन शेगडी येत आहे. इंटिरियरवाला म्हणतो, ‘एमएसईबीला काही कळवावं लागत नाही.’ सोसायटीचे सचिव म्हणतात, कळवायलाच हवं. कळवायचं कोणी, आम्ही की वायरमनने?

उत्तर : इंटिरियरवाल्याचं म्हणणं बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यापुरतं खरं आहे. जुनं काढून तसंच नवं बसवलं आणि वायरिंगची क्षमता बदलली नाही, तर कोणालाही सांगायला नको. त्यापुढचं काम, म्हणजे नवी लाइन ओढणं, डीबी बदलणं, पॉइंट वाढवणं, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फतच करायचं असतं. प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना हवा आणि देखरेखीला प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक हवा. इंटिरियरवाल्याचा ‘आपला लाइटवाला’ यात बसतो का, हे परवाना पाहूनच ठरवा. परवान्याची मुदतही बघा.

आता वर्दीचं. तुमच्या बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे तुम्हाला किती विजेचा वापर मंजूर आहे, तो छापलेला असतो. समजा तो 3 किलोवॅट आहे. दीड-दीड किलोवॅटचे दोन एसी, 2 किलोवॅटचा गिझर, 2 किलोवॅटची शेगडी मिळून 7 किलोवॅट झाले, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 30 अँपिअर. घरगुती सिंगल फेज मीटरवर बरेचदा ‘5-30’ लिहिलेलं असतं. त्यातला 30 हा त्याचा कमाल प्रवाह. फ्रिज, पंखे, मिक्सर अजून धरलेलेच नाहीत. म्हणून भारवाढीचा अर्ज महावितरणकडे करायलाच हवा, आणि तो करायचा ग्राहकाने, म्हणजे बिलावर ज्याचं नाव आहे त्याने. ठेकेदार करतो ते काम आणि चाचणी. सही करून देतो तो चाचणी अहवाल. हा अहवाल अर्जाला जोडायचा. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून करता येतो, बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. बिल अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर आधी नावबदल करून घ्या. बहुतेक अर्ज इथेच अडकतात.

अहवालात पाहण्यासारखं एकच कलम सांगायचं तर इन्सुलेशनचं, म्हणजे वायरवरच्या आवरणाचं. फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर (आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) एक मिनिट लावून किमान 1 मेगाओहम आला पाहिजे. मेगर लावण्याआधी सगळे प्लग काढायला आणि एलईडी सुटे करायला सांगा, नाहीतर त्यांचे ड्रायव्हर (आतली सर्किट) जळतात. आकडा न लिहिता ‘ओके’ एवढंच लिहिलेला अहवाल परत करा.

आणखी एक गोष्ट कामाच्या वेळीच डोळ्यांनी पाहा. एसीची 16 अँपिअरची एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) वरचेवर पडते म्हणून तिच्या जागी 32ची बसवून देण्याची सवय फार आहे. वायर मात्र 2.5 चौरस मिमीचीच राहते. मग एमसीबी पडण्याआधी भिंतीतली वायर तापते, आणि हे वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही. एसीला 4 चौरस मिमीची वायर आधीच ओढून घ्या. डीबीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवी. ती विनाकारण पडत असेल, तर दोन लाइनींचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालाय का ते तपासायला सांगा. आरसीसीबी काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मीटरचं सील मात्र ठेकेदारानेही तोडायचं नाही. सोसायटीची मीटररूम आणि वर येणारी मुख्य केबल सोसायटीच्या अखत्यारीत येते, तिथल्या कामासाठी सचिवांचं म्हणणं ऐका.

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही भाड्याने राहतो. मालकांनी बाथरूमचे पाइप बदलल्यापासून नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. जबाबदारी कोणाची?

उत्तर : आधी गिझर बंद करा आणि प्लग काढून ठेवा. जुन्या वाड्यांत अर्थिंग लोखंडी नळालाच जोडलेलं असायचं. पाइपाचा जमिनीकडचा भाग प्लॅस्टिकचा झाला की नळ जमिनीपासून तुटतो, आणि गिझरमधून गळणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट राहत नाही, म्हणून उरलेल्या लोखंडी तुकड्यात ती उतरलेली राहते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात 230च्या आसपास न येता 90-100 दिसले, तर अर्थिंग तुटलंय असं समजा.

मीटरजवळ अर्थ टर्मिनल देणं वीज कंपनीचं काम आहे; ते नसेल तर ज्याच्या नावावर मीटर आहे त्याने 1912 वर तक्रार नोंदवावी. टर्मिनलपासून आतलं कायम वायरिंग मालकांनी परवानाधारकाकडून करून घ्यायचं. तुम्ही राहता म्हणून दोष कळल्यावर तो लेखी कळवणं तुमच्याकडे येतं. कोणाला शॉक बसून इजा झाली, तर ती बाब विद्युत निरीक्षकांकडे जाते. वीज कायदा 2003च्या कलम 161 खाली अशा अपघाताची वर्दी द्यावी लागते.

प्रश्न : गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाला आमच्या फ्लॅटमधून लाइन दिली तर चालेल का?

उत्तर : नका देऊ. तुमचा वीजपुरवठा तुमच्या जागेपुरता मंजूर आहे. दुसऱ्या जागेला तो दिला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो, आकारणी दुप्पट दराने होते, आणि बिल तुमच्या नावावर येतं. मंडळाने तात्पुरती जोडणी घ्यावी. रस्त्यावर 250 वॉट आणि 100 व्होल्टपेक्षा जास्त वीज वापरायची, तर त्याच कायद्याच्या कलम 54 नुसार किमान सात दिवस आधी विद्युत निरीक्षक आणि पोलीस आयुक्त यांना लेखी सूचना द्यायची, तीही मंडळानेच. भाद्रपदातल्या पावसात केबलचे जोड नुसत्या टेपने गुंडाळलेले चालत नाहीत. जोड बंद पेटीत आणि जमिनीपासून वर घ्यायला सांगा.