क्रॅचिटांच्या घरी नाताळला एवढं सगळं असतं, मग ते गरीब कसे?

तुमचा प्रश्न असा आहे की डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मध्ये (१८४३) बॉब क्रॅचिट या कारकुनाच्या टेबलावर भाजलेला हंस, पुडिंग, सफरचंदं, संत्री असं सगळं येतं, मग हे कुटुंब गरीब कसलं? डिकन्सने गरिबी गोड करून दाखवली आहे का?

मला उलट वाटतं. हा प्रसंग सावकाश वाचला की जवळजवळ प्रत्येक पदार्थामागे ओढाताण दिसते. घरातलं कुणी ती बोलून दाखवत नाही, एवढंच.

बॉबचा पगार आठवड्याला १५ शिलिंग आणि खाणारी तोंडं आठ. बायकोचा झगा दोनदा उसवून, कापड उलटं करून पुन्हा शिवलेला. त्यावर सहा पेन्सच्या रिबिनी. हंस भाजून येतो तो बेकरीच्या भट्टीतून. धाकटी दोघं बेकरीबाहेर वास घेऊन 'हा आपलाच' म्हणत नाचत घरी येतात. लंडनच्या गरीब वस्त्यांमध्ये रविवारचं आणि नाताळचं जेवण असंच भट्टीत देऊन भाजून आणत. रविवारी ही सोय बंद पाडू पाहणारी विधेयकं १८३०च्या दशकात पार्लमेंटात आली होती आणि डिकन्सने १८३६मध्ये त्यांच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. म्हणजे ही भट्टी त्याने सहज घातलेली नाही.

आता जेवण. आपली पाळी यायच्या आत हंसासाठी ओरडा होऊ नये म्हणून धाकटी दोघं तोंडात चमचे कोंबून बसतात. मग सगळे हंसाचं कौतुक करतात: किती मऊ, किती चविष्ट, केवढा मोठा आणि किती स्वस्त! सणाच्या दिवशी भरल्या टेबलावर स्वस्ताईचंही कौतुक होतं, यातच सगळं आलं. सफरचंदाचा सॉस आणि कुस्करलेले बटाटे जोडीला घेऊन तो हंस आठ जणांना कसाबसा पुरवलेला आहे. शेवटी ताटलीत हाडाचा एक कण राहतो. त्याच्याकडे बघत मिसेस क्रॅचिट अगदी आनंदाने म्हणते, एवढं करूनही संपला नाहीच की! ती स्वतःला फसवते आहे असं मला वाटत नाही. आज भरपूर होतं, पुरून उरलं, असं मुलांना वाटायला हवं, आणि ते वाटायला लावणं हे तिने स्वतःचं काम मानलं आहे.

पुडिंगच्या वेळी तिचा धीर सुटतो. ते आणायला ती एकटीच जाते, कुणी बघायला नको म्हणून. कच्चं राहिलं असेल तर? काढताना मोडलं तर? मागची भिंत चढून कुणी चोरून नेलं असेल तर? पुडिंग शिजलंय धुण्याच्या खोलीतल्या तांब्याच्या हंड्यात, आणि ते बाहेर काढताना फडक्याला धुण्याच्या दिवसासारखा वास येतो. वरून पेटवलेली ब्रँडी आजच्या मापाने जेमतेम ३५ मिलिलिटर. आणि मग या प्रसंगातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं वाक्य येतं: एवढ्या मोठ्या कुटुंबाला हे पुडिंग लहान आहे असं कुणी म्हटलं नाही, कुणाच्या मनातही आलं नाही, तसं सुचवायचीही क्रॅचिटांपैकी कुणालाही लाज वाटली असती. लहान असल्याची गोष्ट काढतो तो फक्त निवेदक. त्याने काढली नसती तर आपल्याला कळलंही नसतं. घरच्यांचा आब राखून त्याने आपल्याला खरं माप सांगितलं आहे.

टायनी टिमबद्दल, म्हणजे आपल्या आजारी धाकट्या मुलाबद्दल, बॉब बोलतो ते मलाही जरा जास्त पाकातलं वाटतं. तिथे तुमची शंका रास्त आहे. पण जेवणानंतर बॉब आपल्या कंजूष मालकाच्या, म्हणजे स्क्रूजच्या नावाने प्याला उचलतो आणि बायको भडकते: तो इथे असता तर चार शब्द सुनावले असते! नवऱ्याखातर आणि सणाखातर ती पिते, पण पुढची पाच मिनिटं घरावर सावट राहतं. गरिबी ज्याला गोड करायची आहे तो लेखक हा राग गाळून टाकेल.

शेवटी मन पालटलेला स्क्रूज टायनी टिमच्या दुप्पट आकाराची टर्की पाठवतो. ते जेवण डिकन्स दाखवतच नाही. तिसरं प्रकरण पुन्हा काढा आणि या वेळी मिसेस क्रॅचिट काय बोलते आणि काय करते तेवढंच लक्ष देऊन वाचा.