युरोपा-पार्कमध्ये मैत्रिणीबरोबर तीन दिवस: एकीला वेग आवडतो आणि दुसरीला उंची सोसत नाही, तर आखणी कशी करावी?

तुम्ही आणि तुमची बालमैत्रीण जर्मनीत शिकत आहात, जूनमध्ये तीन दिवस युरोपा-पार्क या मनोरंजन उद्यानाला जाण्याचा बेत आहे, तुम्हाला वेगवान राइड्स मनापासून आवडतात आणि तिला मात्र उंचीची भीती वाटते. तेव्हा तीन दिवस तिला कंटाळवाणे होतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी कार्ल्सरुहला नोकरी करते आणि शाळेपासूनच्या मैत्रिणीबरोबर युरोपा-पार्कला मुक्काम करून आले आहे. आमची जोडी थेट तुमच्यासारखीच असल्यामुळे सविस्तर लिहिते.

तीन दिवस मुळीच जास्त होत नाहीत. तुमच्यासारख्या जोडीला खरी अडचण होते ती एका दिवसाच्या सहलीत. एकच दिवस असला की वेगाची आवड असलेली व्यक्ती प्रत्येक मोठ्या रांगेचा हिशेब मांडत धावते, दुसरी बाकावर सामान सांभाळत बसते आणि संध्याकाळपर्यंत दोघींच्याही मनात काही ना काही साचते. जास्त दिवस हाताशी असले की एखादी राइड आज राहिली तर उद्या करता येते आणि भीती वाटणाऱ्या व्यक्तीला ‘आत्ताच्या आत्ता ठरव’ असे कोणी म्हणत नाही. मुक्कामाचा हा फायदा मला राइड्सच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

हे उद्यान रुस्ट नावाच्या छोट्या गावात आहे. फ्रायबुर्ग आणि ऑफेनबुर्ग यांच्या मधोमध, ऱ्हाइन नदीच्या मैदानात, फ्रान्सच्या सीमेला अगदी लागून ते वसलेले आहे. वाल्डकिर्श गावच्या माक कुटुंबाने ते १९७५ मध्ये सुरू केले. हे कुटुंब १७८० पासून गाड्या बांधण्याच्या धंद्यात होते. पुढे सर्कस आणि जत्रेतल्या खेळवाल्यांसाठी गाड्या आणि मग पाळणे, कोस्टर (रुळांवरून चढ-उतार करत धावणाऱ्या गाड्या) असे त्यांचे काम वाढत गेले. आपल्या कारखान्यात तयार होणाऱ्या राइड्स गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष चालताना दाखवता याव्यात, हा उद्यान उभारण्यामागचा एक मुख्य हेतू होता. इथल्या बारीकसारीक गोष्टींत जी काळजी दिसते, तिचे मूळ मला या कारागिरीच्या परंपरेत दिसते. उद्यानाची रचना युरोपातल्या देशांप्रमाणे आहे. इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ग्रीस, स्पेन, आइसलंड, क्रोएशिया अशा विभागांत त्या त्या देशाच्या धर्तीची घरे, झाडे आणि खाणे आहे. मध्यभागी १४४२ सालचा बाल्टाझार किल्ला आणि त्याची जुनी बाग आहे. ही बाग उद्यानाच्याही कित्येक पिढ्या आधीची असल्यामुळे तिथली झाडे उंच आणि सावली खरी आहे, हे जूनच्या उन्हात तुम्हाला लगेच जाणवेल.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे भीती. मैत्रिणीशी बोलताना आधी तिला नेमके काय सोसत नाही, हे शांतपणे विचारा. उंचीची भीती, वेगाची भीती आणि मळमळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांना सरसकट ‘राइड्सची भीती’ म्हणून टाकतो. उंचीची भीती असणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास होतो तो सावकाश वर चढताना, कारण त्या काळात खाली पाहण्याला आणि विचार करण्याला भरपूर वेळ मिळतो. सिल्व्हर स्टार ही फ्रान्स विभागातली राइड याचे ठळक उदाहरण आहे. २००२ मध्ये सुरू झालेली ही राइड ७३ मीटर उंच आहे आणि तिचा वेग ताशी सुमारे १२७ किलोमीटरपर्यंत जातो. साखळीवरून गाडी वर जात असताना एका बाजूला काळे अरण्य (ब्लॅक फॉरेस्ट) आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्समधले वोज डोंगर दिसतात. मला तो चढ फार प्रिय आहे, पण तुमच्या मैत्रिणीला तोच नकोसा वाटेल. चढ संपल्यावर एकामागून एक टेकड्या येतात आणि प्रत्येक माथ्यावर शरीर वरच जाऊ पाहत असताना आसन खाली वळते, म्हणून क्षणभर आपण आसनावरून उचलले जातो. पोटात गोळा येतो तो यामुळे. ही राइड माक यांची नसून स्वित्झर्लंडच्या बॉलिगर आणि माबियार या कंपनीने बांधलेली आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधली नायट्रो याच कंपनीची आहे. तुमची मैत्रीण नायट्रोवर बसली असेल तर गाडीचा गुळगुळीतपणा तिच्या ओळखीचा असेल. मात्र सिल्व्हर स्टारमध्ये उलटे होणे अजिबात नाही आणि उंची बरीच जास्त आहे, एवढा फरक तिला आधीच सांगून ठेवा.

याच्या उलट आइसलंड विभागातली ब्लू फायर. तिची उंची ३८ मीटर, म्हणजे सिल्व्हर स्टारच्या जेमतेम निम्मी आहे. तिच्यात सावकाश चढ नाही. गाडी सपाट रुळावरून अडीच सेकंदांत शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते आणि विचार करायला फुरसत मिळण्याआधीच आपण वळणांत असतो. तिच्यात गाडी चार वेळा उलटी होते. उंचीला घाबरणाऱ्या काही जणांना अशी राइड चक्क सोपी जाते, कारण वरून खाली पाहत थांबण्याचा प्रसंगच येत नाही. माझ्या मैत्रिणीचे असेच झाले. सिल्व्हर स्टारकडे तिने मुक्काम संपेपर्यंत पाठच फिरवली, पण ब्लू फायरवर ती स्वतःहून दुसऱ्यांदा बसली. तुमच्या मैत्रिणीचेही असेच होईल, असे मी म्हणत नाही. तिची भीती कोणत्या प्रकारची आहे, हे तिच्याच तोंडून कळल्याशिवाय तिच्या वतीने काही ठरवू नका, एवढेच सांगते.

तिला हळूहळू सुरुवात करायची असेल तर ग्रीस विभाग उत्तम. तिथे पेगासस नावाची छोटी, कुटुंबांसाठीची कोस्टर आहे. लहान मुलेही तिच्यावर हसत बसतात. ती जमली तर शेजारची पोसायडन पाहावी. ही पाण्यातली कोस्टर आहे, तिच्यात थोडे उतार आहेत आणि शेवटी भरपूर भिजणे आहे. स्वित्झर्लंडमधली मॅटरहॉर्न-ब्लिट्स फार उंच नसली तरी तिची वळणे इतकी काटकोनी आहेत की गाडी कड्यावरून बाहेरच जाणार, असे वाटत राहते. म्हणून ती पहिल्याच दिवशी नको. वोडान या लाकडी कोस्टरवर खडखडाट आणि हादरे पुष्कळ बसतात. क्रोएशिया विभागातली, निकोला टेस्लाच्या नावाने सजवलेली व्होल्ट्रॉन नेवेरा २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात गाडी उभ्या रेषेच्याही पलीकडे, १०५ अंशांच्या कोनात वर फेकली जाते आणि सात वेळा उलटी होते. ती तुमच्यासाठी आहे. मैत्रिणीला तिच्या रांगेत ‘चल ना गं, काही होत नाही’ म्हणून ओढू नका. आग्रहाने जेवू घालावे, राइडवर बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

मळमळीचे कारण वेगळे असते. डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवणारी हालचाल यांचा मेळ बसला नाही की मळमळते. त्यामुळे व्होलेटारियम, म्हणजे प्रचंड गोलाकार पडद्यासमोर पाय लोंबकळत ठेवून युरोपभर उडाल्याचा अनुभव देणारी राइड, प्रत्यक्षात सौम्य असूनही काहींना त्रास देते. तसे वाटले तर काही क्षण डोळे मिटून घ्यावेत, बहुतेकांना तेवढ्याने बरे वाटते.

दोघींनी मिळून करण्यासारखे इतके आहे की मैत्रिणीचे दिवस रिकामे जातील, ही शंका मनातून काढून टाका. बटावियातल्या (म्हणजे डच राजवटीतल्या जकार्तातल्या) समुद्री चाच्यांची नौकासफर मला तिथे सर्वांत आवडते. मूळची राइड २०१८ च्या मोठ्या आगीत जळून गेली आणि २०२० मध्ये ती नव्याने बांधून सुरू करण्यात आली. अंधारात होडी सरकत असताना दोन्ही काठांवर जी बारीक कलाकुसर दिसते, ती एका फेरीत पाहून होत नाही. फ्रान्स विभागात मादाम फ्रॉयडेनराइख यांच्या घरात डायनोसॉर गुगलहुप्फ केक करताना आणि खाताना दिसतात. लहान मुलांची राइड म्हणून ती वगळू नका. उंचावरून जाणारी छोटी रेल्वे आणि मोनोरेल यांतून उद्यानाची कल्पना येते. बर्फावरचे नृत्य, स्पेन विभागातल्या रिंगणातले घोडेस्वारांचे खेळ यांच्या वेळा रोज उद्यानाच्या अ‍ॅपमध्ये दिसतात. हे कार्यक्रम दुपारी पाहिले की पायांना विश्रांती मिळते आणि सर्वांत लांब रांगांची वेळही टळते.

वेगळे होण्याविषयी मात्र घरूनच बोलून घ्या. दिवसाचा काही वेळ आपण दोघी आपापल्या वाटेने जाऊ, असे आधीच ठरले असेल तर त्यात कुणाचे मन दुखत नाही. ऐन रांगेसमोर ठरवले तर दुखते. अनेक मोठ्या राइड्सना एकट्या व्यक्तींसाठी निराळी रांग असते. गाडीतली एखादी जागा रिकामी राहिली की तिथे त्या रांगेतल्या माणसाला बसवतात, त्यामुळे ती बहुधा भराभर पुढे सरकते. तुम्ही तिचा उपयोग करून आइसलंड आणि क्रोएशिया उरकून घ्या, तोवर मैत्रीण किल्ल्याच्या बागेत किंवा एखाद्या कार्यक्रमाला जाऊ शकते. भेटण्याची जागा आणि वेळ पक्की ठरवा, आणि मोबाइलची बॅटरी दिवसभर अ‍ॅप चालवून संपते म्हणून पॉवर बँक जवळ ठेवा.

गर्दीचा विचार करताना जर्मनीबरोबर फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सुट्ट्याही पाहाव्या लागतात, कारण तिन्ही देशांतून लोक येतात. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या इथल्या राज्यात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची शाळांची सुट्टी बहुधा जूनच्या सुरुवातीला येते, तिच्या तारखा पाहून ती टाळा. तुम्ही विद्यार्थिनी आहात, तर महिन्याच्या उत्तरार्धातले मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस जमवता येतात का पाहा. तिकीट तारखेनिशी ऑनलाइन काढावे लागते. उद्यान सकाळी ९ वाजता उघडते, तेव्हा पावणेनऊला दाराशी असा. पहिल्या तासाभरात बहुतेक लोक प्रवेशाजवळच्याच राइड्सपाशी थांबतात. तुम्ही थेट आतल्या टोकाला चालत गेलात तर मोठ्या राइड्स लवकर होतात. संध्याकाळी बंद होण्याआधीचा तासही असाच चांगला असतो, कारण लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबे तोवर परतीला लागलेली असतात.

राहण्यासाठी उद्यानाची स्वतःची हॉटेले सुंदर आहेत. त्यात पोर्तुगीज मठाच्या धर्तीवरचे सांता इसाबेल आहे, रोमन वास्तूंच्या धर्तीवरचे कोलोसेओ आहे, आणि तिथल्या पाहुण्यांना काही राइड्सवर इतरांच्या आधी प्रवेशही मिळतो. परंतु ती विद्यार्थ्यांच्या खिशाला जड जातात. रुस्ट आणि रिंग्सहाइम गावांत घरगुती खोल्या भाड्याने मिळतात, आणि उद्यानाच्या कॅम्पमध्ये तंबूंची व लाकडी खोल्यांची सोय आहे. रिंग्सहाइम स्थानकावर उतरून बसने उद्यानात जाता येते, त्यामुळे मोटारीची गरज नाही.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. चीज घातलेले श्पेत्सले (अंडे घातलेल्या पिठाचे नूडल्ससारखे तुकडे) जवळपास कुठेही मिळतात. फ्लामकूखनवर (पिझ्झासारख्या पातळ भाजलेल्या पोळीवर) मात्र एरवी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून शाकाहारी प्रकार आहे का, ते आधी विचारा. एका उपाहारगृहात मागवलेले पदार्थ बंद भांड्यांतून, वळणावळणांच्या रुळांवरून घसरत थेट आपल्या टेबलापर्यंत येतात. मैत्रिणीला एवढी कोस्टर नक्की आवडेल.

तिसऱ्या दिवसासाठी रुलान्टिका हे छताखालचे जलउद्यान विचारात घ्या. ते २०१९ मध्ये सुरू झाले आहे, त्याचे तिकीट वेगळे असते आणि तिथे नेणारी बस आहे. पावसाचा अंदाज असेल तर हा दिवस मागेपुढे करता येईल, असे तिकीट काढतानाच पाहून ठेवा. सुती टी-शर्ट आणि साध्या चड्डीवर पाण्यात उतरू देत नाहीत, पोहण्यासाठीच्या कापडाचे कपडे लागतात. अंग झाकणारा पूर्ण पोशाखही त्या कापडाचा मिळतो. कपडे बदलायला बंद खोल्या आहेत. मैत्रिणीला पोहता येत नसेल तरी लाटांच्या तलावाच्या उथळ काठाशी आणि संथ वाहणाऱ्या प्रवाहात तिचा वेळ छान जाईल, आणि तोवर तुम्ही घसरगुंड्या करून घ्या. परतीची गाडी त्याच संध्याकाळची असेल तर सामान सकाळी खोली सोडताना मालकांकडेच ठेवून जा. बहुतेक जण आनंदाने ठेवून घेतात, फक्त आदल्या दिवशी विचारून घ्या.