दातांच्या इम्प्लांटसाठी व्हॅनेडियम नसलेला टायटेनियम मिश्रधातू प्रयोगशाळेत कसा बनवावा?

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी नेहमीच्या टायटेनियम मिश्रधातूतलं अॅल्युमिनियम-व्हॅनेडियम वगळायचंय आणि नायोबियम घ्यावं की झिर्कोनियम, असं तुम्ही विचारलंय. माझं मत झिर्कोनियमला.

नायोबियमकडे बहुतेक जण वळतात ते कमी लवचिकता गुणांकासाठी (धातू वाकायला किती ताठ आहे त्याचं माप; हाडाच्या जितका जवळ तितका बरा). शुद्ध टायटेनियमचा हा आकडा साधारण 105 गिगापास्कल, हाडाच्या कठीण थराचा 10 ते 30, आणि काही बीटा मिश्रधातू (नायोबियमसारख्या धातूमुळे टायटेनियमची वेगळी, बीटा स्फटिकरचना टिकून राहिलेले) 55-60 पर्यंत उतरतात. खुब्याच्या सांध्यात हा फरक मोलाचा आहे. दातात मात्र 3.3 मिमी व्यासाचा बारीक इम्प्लांट चावण्याच्या भाराने तुटू नये, ही जास्त खरी चिंता. तिथे ताकद हवी. 13 ते 17 टक्के झिर्कोनियमचा मिश्रधातू अशा इम्प्लांटमध्ये आधीच वापरात आहे.

50 ग्रॅमच्या बटणासाठी (वितळवून मिळणारी छोटी वडी) 42.5 ग्रॅम टायटेनियम आणि 7.5 ग्रॅम झिर्कोनियम. आर्क भट्टीत, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्यावर. निर्वात करून आर्गन भरा, हे तीनदा करा, मग आधी टायटेनियमचा एक वेगळा तुकडा वितळवा, उरलासुरला ऑक्सिजन तो ओढून घेतो. थंड झाल्यावर तो चकचकीत रुपेरी दिसायला हवा. निळा-पिवळा पडला तर कुठेतरी गळती आहे. खरा माल घालूच नका. ऑक्सिजन शिरला की कडकपणा वाढतो आणि आपला मिश्रधातू जमला असा भास होतो! शुद्ध टायटेनियमच्या ग्रेड 1 आणि ग्रेड 4 मधला मुख्य फरकच ऑक्सिजनचा आहे: कमाल 0.18 आणि 0.40 टक्के. म्हणून ऑक्सिजन मोजल्याशिवाय ताकदीचे आकडे लिहू नका.

बटण उलटसुलट करून पाच-सहा वेळा वितळवा, दर वेळी वजन घ्या. नायोबियमच घेणार असाल तर त्याचा वितळणबिंदू 2477 अंश, टायटेनियमचा 1668, शिवाय घनता जवळपास दुप्पट. जाड तुकडे तळाशी बसतात आणि तसेच राहतात. पातळ पट्ट्या करून वर ठेवा, म्हणजे आर्क थेट त्यांच्यावर पडेल. बटण कापून, पॉलिश करून क्रॉल द्रावणाने (100 मिलीत 2 मिली हायड्रोफ्लुओरिक आम्ल, 6 मिली नायट्रिक, बाकी पाणी) एच केलं (पृष्ठभाग आम्लाने किंचित खाऊ दिला) की न विरघळलेली बेटं लगेच दिसतात. हायड्रोफ्लुओरिक आम्ल हाताळताना, त्वचेवर उडाल्यास लावायला, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवंच. बीटा मिश्रधातू नंतर 300-400 अंशांवर रेंगाळू देऊ नका. ओमेगा फेज (आतली वेगळी सूक्ष्म स्फटिकरचना) तयार होऊन तो ठिसूळ होतो आणि कमावलेला कमी गुणांकही हातचा जातो.

गंज-चाचणी लॅक्टिक आम्ल आणि मीठ (प्रत्येकी 0.1 मोल प्रति लिटर), 37 अंश, सात दिवस अशी करा. फ्लुओराइडची वेगळी करा, कारण आम्लयुक्त फ्लुओराइड जेल टायटेनियमचा संरक्षक ऑक्साइड थर खाते आणि झिर्कोनियम त्यातून वाचवत नाही. त्या चाचणीला काचेचं बीकर नको, प्लॅस्टिकचं घ्या; काच फ्लुओराइड पिते आणि निकाल उगाच चांगला येतो.