वयस्कर माणसाने प्रतिकारशक्तीसाठी आणि कॅन्सर टाळण्यासाठी नैसर्गिक सप्लिमेंट्स घ्यावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, तब्येतीने ठणठणीत. त्यांचे थोरले भाऊ कॅन्सरने गेले आणि तेव्हापासून वडिलांनी प्रतिकारशक्ती वाढवायचं मनावर घेतलंय. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, व्हिटॅमिन ई, झिंक, मशरूमची पावडर अशी यादी तयार आहे. हे द्यावं का आणि याने कॅन्सर टळेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी ओघात लिहिलंय की वडील पूर्वी बरीच वर्षं सिगारेट ओढायचे.

मी फार्मासिस्ट आहे, कॅन्सरच्या रुग्णांची औषधं बघतो. माझ्यासाठी तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती सिगारेटची आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतलं, शरीरात व्हिटॅमिन ए बनणारं रंगद्रव्य) जास्त असतं आणि त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं १९८० च्या सुमारास अनेक पाहण्यांत दिसत होतं. मग तेच गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. बीटा कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग चालू होता, १८,००० हून जास्त लोकांवर. तिथे बीटा कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन एसुद्धा देत होते. तो जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण फुफ्फुसाचे कॅन्सर २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी वाढलेले दिसले.

सिगारेट सोडलेल्यांचं काय? या अमेरिकन प्रयोगात वाढ मुख्यतः तेव्हा ओढत असलेल्यांत होती. पण २०१३ मध्ये म्हातारपणच्या दृष्टिदोषावरच्या ‘ॲरेड्स-२’ या अभ्यासाचा निकाल आला. त्यात बीटा कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुफ्फुसाचे कॅन्सर जास्त सापडले आणि त्यातले बहुतेक जण पूर्वी ओढणारे होते. म्हणून वडिलांना डोळ्यांसाठी कोणी व्हिटॅमिनची गोळी सुचवली असेल तर तिच्यात बीटा कॅरोटीन आहे का, हे आजच बघा. असेल तर ती बदलून घ्या. त्याऐवजी ल्युटीन असलेल्या गोळ्या मिळतात.

व्हिटॅमिन ईचीही गत फार वेगळी नाही. ‘सिलेक्ट’ नावाच्या अभ्यासात ३५,५३३ पुरुषांवर सेलेनियम हे खनिज आणि व्हिटॅमिन ई तपासलं. प्रोस्टेट कॅन्सर कमी होईल ही आशा होती. २०११ मध्ये कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई (रोज ४०० युनिट) घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई कॅन्सर टाळण्यासाठी घेऊ नका, असं सरळ सांगितलं. त्यामुळे तुमच्या यादीतलं व्हिटॅमिन ई माझ्या मते काढूनच टाका.

असं उलटं का व्हावं, याचा एक धागा स्वीडनमध्ये २०१४ साली उंदरांवर झालेल्या कामातून मिळाला. फुफ्फुसात गाठी धरायला सुरुवात झालेल्या उंदरांना अँटीऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारे घटक, व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन याच जातीचे) दिले, तर गाठी झपाट्याने वाढल्या. पेशीत बिघाड झाला की तिला थोपवणारं पी-५३ नावाचं प्रथिन असतं. अँटीऑक्सिडंटमुळे पेशीवरचा ताण कमी झाला आणि हे प्रथिनही मंदावलं. म्हणजे रोगट पेशीलाही संरक्षण मिळालं. सत्तरीतल्या माणसाच्या शरीरात अशा बिघडलेल्या पेशी कुठे ना कुठे असण्याची शक्यता तरुणापेक्षा जास्त, म्हणून मला या वयात जादा डोसची जास्त धास्ती वाटते.

आता प्रतिकारशक्तीकडे येतो. वडिलांचा विचार मुळात चुकीचा नाही. अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण स्पष्टपणे जास्त असतं, तेव्हा दोन्हींचा संबंध खराच आहे. वयाबरोबर ही यंत्रणा बदलते हेही खरं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी-पेशी, म्हणजे प्रतिकाराचं काम करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. ती तरुणपणापासूनच आक्रसत जाते आणि म्हातारपणी तिच्या जागी बरीचशी चरबीच उरते. नव्या, कोऱ्या टी-पेशी कमी पडतात. पण त्याच वेळी अंगात बारीक दाह सतत धुमसत राहतो. क्लाउडिओ फ्रान्सेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ही गोष्ट ठळकपणे मांडली. एकीकडे दुबळेपणा, दुसरीकडे नको तिथे चढलेला जोर. मग ‘वाढवायचं’ म्हणजे यातलं नेमकं काय वाढवायचं?

खरोखर जोर वाढवला तर काय होतं, ते मी रोज बघतो. टी-पेशींवरचे ब्रेक काढणारी औषधं आहेत. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. एकेकाळी हाताबाहेर गेलेले रुग्ण या औषधांवर वर्षानुवर्षं जगतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण त्याच औषधांनी काहींचं आतडं सुजतं, थायरॉइड बंद पडतं, फुफ्फुसाला दाह होतो आणि धावपळ करून स्टेरॉइड द्यावे लागतात. एखाद्या डब्यातली पावडर तितक्या ताकदीची असती, तर तिचे दुष्परिणामही तितकेच ठळक दिसले असते.

मग पोषक घटकांचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो कुठे आहे हे चीनमधल्या लिन्शियनच्या प्रयोगाने छान दाखवलं. तिथल्या लोकांच्या आहारात अनेक घटकांची कमतरता होती. जवळपास ३०,००० जणांत बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम एकत्र देऊन बघितलं, तर पोटाच्या कॅन्सरचे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. हा निकाल १९९३ चा. फिनलंडमध्ये ज्याने अपाय झाला, तेच इथे उपकारक ठरलं. तेल संपत आलेल्या दिव्यात तेल घातलं की ज्योत सावरते. काठोकाठ भरलेल्यात ओतलं तर नुसतं सांडतं.

म्हणून आधी कमतरता आहे का ते बघा. या वयात बी-१२ नक्की तपासून घ्या. पोटात त्याचं शोषण कमी होतं आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर आणखीच कमी. घराबाहेर कमी पडत असतील तर व्हिटॅमिन डीसुद्धा बघावं. कमी निघालं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसने भरून काढा. पण पुरेसं असताना वरून घेतलं तर? ‘व्हायटल’ अभ्यासात २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षांहून जास्त काळ रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी दिलं, कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. साध्या मल्टिव्हिटॅमिनचं मात्र सांगायला हवं: १४,६४१ पुरुष डॉक्टरांवरच्या अभ्यासात (निकाल २०१२) एकूण कॅन्सर ८ टक्क्यांनी कमी दिसले. फायदा लहान आहे आणि त्यावर भिस्त ठेवावी असा नाही, पण वडिलांना एखादी गोळी घेतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर बीटा कॅरोटीन नसलेल्या, नेहमीच्या डोसच्या मल्टिव्हिटॅमिनला मी आडकाठी करणार नाही.

झिंकबद्दल एक अनुभव सांगतो. एका आजींच्या पांढऱ्या पेशी कमी का, याचा शोध चालला होता. मी त्यांना घरातले सगळे डबे घेऊन यायला सांगितलं आणि मागची बारीक अक्षरं वाचत बेरीज केली. मल्टिव्हिटॅमिनमध्ये १५ मिलिग्रॅम झिंक, ‘इम्युनिटी’च्या गोळीत ५०, केसांच्या कॅप्सूलमध्ये २५. रोजचे ९०. प्रौढांसाठी वरची मर्यादा ४० आहे. झिंक जास्त झालं की आतड्यातून तांबं शोषलं जात नाही, आणि तांबं घटलं की हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी दोन्ही घसरतात, पायाला बधिरपणाही येऊ शकतो. प्रतिकारशक्तीसाठी घेतलेल्या गोळीने प्रतिकाराच्या पेशीच कमी केल्या होत्या. जादा गोळ्या बंद केल्या, तांबं भरून काढलं, हळूहळू पेशी सावरल्या. त्यातला एकही डबा आपण होऊन दाखवावा असं त्यांना वाटलं नव्हतं, कारण ‘ही काही औषधं नव्हेत’.

हळद आणि ग्रीन टी यांच्याबाबत माझं म्हणणं सोपं आहे. खाण्यापिण्यातून जाते तेवढ्याला माझी काही हरकत नाही. अर्काची कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे. ग्रीन टीतला ईजीसीजी हा घटक सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताची एन्झाइम्स वाढल्याचं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं. हळदीतलं कर्क्युमिन नीट शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना न विचारता हे अजिबात नको. मशरूमचं म्हणाल, तर एका मशरूमपासून काढलेला पीएसके हा घटक जपानमध्ये केमोथेरपीच्या जोडीला वापरला गेलाय. निरोगी माणसाला कॅन्सर होऊच नये म्हणून ती पावडर उपयोगी पडते, असा पुरावा त्यातून मिळत नाही.

वडिलांचा उत्साह कुठे वळवावा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रतिकारशक्तीला नेमकं काम शिकवणारी गोष्ट म्हणजे लस. नागिणीची नवी लस सत्तरीतही सुमारे ९० टक्के संरक्षण देते. फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जंतू) यांच्या लशीही विचारून घ्या. दुसरं, व्यायाम. २०१८ मध्ये ५५ ते ७९ वयाच्या, वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्या १२५ जणांचं रक्त तपासलं, तर त्यांच्या थायमसमधून नव्याने निघालेल्या टी-पेशींचं प्रमाण बैठ्या समवयस्कांपेक्षा बरंच जास्त होतं. यावरून व्यायामानेच ते झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, पण माझ्या वडिलांना मी हाच सल्ला दिला असता.

आणि ती सिगारेट. त्यांनी कधी सोडली आणि दिवसाला किती ओढत, हे नीट लिहून काढा. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या, खूप ओढलेल्या ५३,००० हून अधिक लोकांपैकी निम्म्यांची कमी किरणांच्या सीटी स्कॅनने आणि बाकीच्यांची साध्या एक्स-रेने दरवर्षी, अशी तीन वेळा तपासणी केली, तेव्हा एक्स-रेच्या तुलनेत सीटी स्कॅनच्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. त्यात सोडून १५ वर्षं न झालेलेही होते. वडील त्या निकषात बसतात का हे डॉक्टरांना विचारा, आणि त्याच भेटीत आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचंही विचारा. काका कोणत्या कॅन्सरने आणि कितव्या वर्षी गेले तेही सांगा, त्यावरून तपासण्या ठरतात.

वडिलांनी यातलं काही आधीच सुरू केलं असेल तर अर्काच्या कॅप्सूल थांबवा आणि सगळ्या डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना गेली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता यकृताची रक्ततपासणी करून घ्या.