टनांचा हिशेब शिकायचा आहे, पण नोकरी मिळेल का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या पलूसची, बी.ए. तृतीय वर्ष, अर्थशास्त्र. नेदरलँड्ससारखे छोटे देश कमी कच्च्या मालात जास्त उत्पन्न काढतात असं वाचलं. यातच पुढे शिकावंसं वाटतं. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. या विषयात नोकऱ्या आहेत का?

उत्तर : आहेत, पण जाहिरातीत ‘संसाधन उत्पादकता’ (मालाच्या दर टनामागचं उत्पन्न) या नावाने सापडणार नाहीत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने 2022-23 पासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या 1000 कंपन्यांना ऊर्जा, पाणी, कचऱ्याचा हिशेब द्यावा लागतो. तो मांडणारी माणसं कंपन्यांना आणि सल्लागार संस्थांना हवी असतात.

आता तू वाचलेलं तपासू. देशाच्या जीडीपीला, म्हणजे वर्षाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीला, वापरलेल्या मालाच्या टनांनी भागतात. माल म्हणजे देशात काढलेला अधिक आयात, वजा निर्यात. या यादीत नेदरलँड्स युरोपात वर असतो, एस्टोनिया खाली. एस्टोनियाचे लोक उधळे आहेत असं नाही. ते ऑइल शेल हा खडक जाळून वीज करतात आणि त्याचे टन मोजले जातात. उलट तांब्याची तार नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरली तर फक्त तारेचं वजन धरतात. तिच्यासाठी चिलीत खणलेला खडक चिलीच्याच खात्यात राहतो. खाणी नसलेला छोटा देश त्यामुळे काटकसरी दिसतोच! आयर्लंडचा जीडीपी 2015 मध्ये सुमारे 25 टक्के वाढला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता तिथे हलवली. अशाने भागाकार सुधारतो, माल वाचत नाही. नेदरलँड्सचं खरं कौतुक मला वेगळ्या आकड्याचं वाटतं. तिथे वापरातल्या मालापैकी सुमारे 30 टक्के पुनर्वापरातून येतो. युरोपीय संघाची सरासरी 12 च्या आसपास आहे.

हा हिशेब तुझ्या घराजवळच शिकता येईल. एक टन ऊस गाळला की आपल्याकडे साधारण 110 ते 120 किलो साखर, 280 ते 300 किलो बगॅस (उसाचा चोथा), 40 किलोच्या आसपास मोलॅसिस (साखर काढून उरलेला घट्ट पाक) आणि थोडा प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) निघतो. बाकी बहुतेक पाणी. बगॅसवर बॉयलर आणि वीज, मोलॅसिसचं इथेनॉल, प्रेसमडचं खत. एका कारखान्याचा असा ताळेबंद एक्सेलमध्ये मांड. कुठे किती माल वाया गेला, ते आकड्यात दाखव. मुलाखतीत पदवीच्या टक्क्यांपेक्षा मी या कामाला जास्त वजन देईन.

तुझी खरी कमी संख्याशास्त्राची असेल, ती आत्ताच भरून काढ. मग पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घे. नेदरलँड्समधल्या लायडेन आणि डेल्फ्ट विद्यापीठांचा औद्योगिक परिसंस्थेवरचा (इंडस्ट्रियल इकॉलॉजी, म्हणजे उद्योगांतल्या माल-ऊर्जेच्या प्रवाहाचा अभ्यास) एकत्रित एम.एस्सी. अभ्यासक्रम उत्तम आहे, पण कर्ज काढून थेट तिथे जाऊ नकोस. शिष्यवृत्ती मिळाली तरच.

बाबांचंही ऐक. बँकेची परीक्षा जरूर दे, फक्त तिच्यासाठी पदव्युत्तर प्रवेश लांबवू नकोस. गळीत हंगाम सुरू होण्याआधी प्राध्यापकांचं पत्र घेऊन जवळच्या कारखान्याच्या चीफ केमिस्टना भेट. हंगामात त्यांना बोलायलाही फुरसत नसते.